डिस्चार्ज कार्डानंतरचा हिशेब

रायगड जिल्ह्यात, पेण आणि रोह्याच्या पट्ट्यात, डोंगराच्या पायथ्याशी गागोदे बुद्रुक हे गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म या गावात झाला. आपल्यापैकी बहुतेकांना विनोबा माहीत असतात ते भूदानामुळे. काहींना हेही ठाऊक असते की त्यांनी अरबी शिकून कुराण मुळातून वाचले आणि 'कुराण सार' हा संग्रह तयार केला. मला मात्र आज त्यांच्या लहानपणीची एक आठवण सांगायची आहे. ती त्यांनीच सांगून ठेवली आहे.

गागोद्याच्या घरात त्यांचे एक अंध काका राहत. स्वभावाने शांत, कष्टाळू आणि घरातल्या सगळ्यांचे लाडके. पुढे विनोबांचे कुटुंब बडोद्याला गेले, काका गावीच राहिले. एक दिवस त्यांच्या मृत्यूचे पत्र आले. घरात कुणी वारले की आंघोळीचा, सुतकाचा रिवाज असे. त्या दिवशी तसे काहीच झाले नाही. लहान विनोबांनी आईला कारण विचारले, तेव्हा कळले की काका नात्याने कुणीच नव्हते. त्यांना बघणारे कुणी नव्हते, म्हणून ते घरात राहत होते. इतकी वर्षे एका ताटात जेवणाऱ्या मुलांना हे समजलेही नव्हते.

या काकांची केस आज एखाद्या रुग्णालयात नोंदवली असती, तर शेवटच्या रकान्यात काय लिहिले असते? 'सुधारणा नाही.' दृष्टी परत आली नाही, म्हणजे उपचाराचा निकाल शून्य. पण तो माणूस आपल्या हाताने काम करत होता, त्याला कुणी ओझे म्हणत नव्हते आणि तो परका आहे हे घरातल्या मुलांना कळू नये इतका तो घरचा होता. यातले काहीच त्या रकान्यात बसत नाही.

या अंकात मला त्या रकान्याबद्दल लिहायचे आहे. ज्यांचा आजार पूर्ण बरा होणार नाही, किंवा बरा झाला तरी शरीर पूर्वीसारखे होणार नाही, अशा रुग्णांवर केलेल्या उपचारांचा उपयोग झाला की नाही, हे कोण ठरवते, कसे ठरवते आणि कुठे ठरवते? तरुण मित्रमैत्रिणींनो, हा फक्त डॉक्टरांचा विषय नाही. तो आपल्या घरांतल्या पडवीचा, न्हाणीचा आणि मोहल्ल्याचा विषय आहे.

दोन शब्द, दोन गैरसमज

पहिला शब्द पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा. आजार बरा करता येत नसेल तरी वेदना, धाप, मळमळ, झोप न लागणे, भीती, एकटेपणा यांवर उपचार करता येतात. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही आधार देता येतो. ही सेवा फक्त कॅन्सरची नाही. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड निकामी झालेले, लकवा मारलेले, विस्मरणाचा आजार असलेले, सगळ्यांची आहे. आणि ती फक्त शेवटच्या आठवड्याचीही नाही.

२०१० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण त्यात होते. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर निदान झाल्यापासूनच उपशामक सेवाही मिळाली. या दुसऱ्या गटाचे रोजचे जगणे सुसह्य राहिले आणि त्यांच्यात नैराश्य कमी दिसले. शेवटच्या काळात त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले, तरीही त्यांचे आयुष्य जास्त निघाले. मध्यक आकडा होता ११.६ महिने, नेहमीच्या उपचारांच्या गटात तो ८.९ महिने होता. 'आता काही उरले नाही, घरी घेऊन जा' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरा शब्द पुनर्वसन. रायगडात हा शब्द ऐकला की आपल्याला तळिये किंवा इर्शाळवाडी आठवते. दरडीखाली गेलेल्या गावांची नवी घरे, चाव्या, फीत कापणारे पाहुणे. पण तिथेही खरी परीक्षा चाव्या दिल्या त्या दिवशी होत नाही. नव्या घरात पाणी येते का, माणसे तिथे राहतात का, हे सहा महिन्यांनी पाहावे लागते. वैद्यकीय पुनर्वसनाचे अगदी तसेच आहे. लकव्यानंतर, अपघातानंतर, पाय कापल्यानंतर फिजिओथेरपी सुरू झाली, कृत्रिम पाय मिळाला, ही चावी झाली. त्या पायावर माणूस घरातल्या घरात, गल्लीत, मशिदीपर्यंत, बाजारापर्यंत जातो का, हा निकाल.

मुंबईत हाजी अलीला, दर्ग्यासमोरून जाताना आपण कितीदा तरी ओलांडलेली एक संस्था आहे: अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. १९५५ पासून ती हे काम करते. वांद्र्याला १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केले. भारतातले ते पहिले हॉस्पिस. परळच्या टाटा रुग्णालयात उपशामक सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. केरळने २००८ मध्ये आणि त्यानंतर २०१२ मध्ये महाराष्ट्राने या सेवेचे धोरण आणले. म्हणजे आपल्या राज्याला हा विषय नवा नाही. तरीही पेण, रोहा, माणगाव, म्हसळ्याच्या घरात खाटेवर पडलेल्या माणसापर्यंत तो पोहोचलेला दिसत नाही. जगाची स्थितीही फारशी वेगळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते आणि त्यांपैकी साधारण १४ टक्क्यांनाच ती मिळते.

रुग्णालय काय मोजते

रुग्णालय खूप काही मोजते. किती खाटा भरल्या, सरासरी किती दिवस रुग्ण राहिला, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती दगावले. योजनेचे पॅकेज मंजूर झाले की नाही. हे सगळे मोजणे आवश्यकच आहे. पण हे रुग्णालयाच्या कामाचे माप आहे, रुग्णाच्या जगण्याचे नाही.

आमच्या नात्यातल्या एका खालूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली होती. ज्या रुग्णालयात ते होते त्याचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, कारण तसेच कुठेही झाले असते. डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृतीत सुधारणा' असे लिहिले होते आणि ते खोटे नव्हते. वॉर्डमध्ये ते कठडा धरून सपाट फरशीवर दहा पावले चालत होते. घरी आले तेव्हा पहिला उंबरठा लागला. मग पडवीच्या दोन पायऱ्या. मग परसदारी असलेला, उकिडवे बसायचा संडास. वॉर्डात दहा पावले चालणारा माणूस घरात तीन महिने खाटेवरून उठला नाही. त्या तीन महिन्यांत खालांची पाठ गेली आणि त्यांच्या धाकट्या मुलीचे कॉलेज सुटले. कार्डावरची सुधारणा आणि घरातली परिस्थिती यांच्या मधली ही जागा कुणाच्याच वहीत नाही.

शेवटी उपाय काय निघाला? गावच्या सुताराने दरवाजाजवळ एक दांडी ठोकली आणि प्लास्टिकच्या खुर्चीला मध्ये भोक पाडून संडासावर ठेवली. फिजिओथेरपिस्टने एकदा घरी येऊन पाहिले असते, तर हे पहिल्याच आठवड्यात झाले असते.

मोजण्याची साधने आहेत

दुःख, वेदना, सन्मान या गोष्टी मोजता येत नाहीत, असे म्हणून हा विषय टाळला जातो. ते पूर्ण खरे नाही. साधने आहेत, ती सोपी आहेत आणि त्यांपैकी बरीचशी कागद-पेनावर चालतात.

पुनर्वसनात जुने आणि खूप वापरले जाणारे एक साधन म्हणजे बार्थेल निर्देशांक. फ्लोरेन्स महोनी ही डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल ही फिजिओथेरपिस्ट, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या या दोघींनी तो १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दहा गोष्टी आहेत: जेवणे, आंघोळ, तोंड धुणे-दाढी-केस, कपडे घालणे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासाचा वापर, खाटेवरून खुर्चीत जाणे, चालणे आणि जिना चढणे. माणूस हे स्वतः करतो, मदतीने करतो की करूच शकत नाही, यावर गुण. एकूण शून्य ते १००. दाखल होताना २५ आणि घरी जाताना ६० असे आकडे असतील, तर काहीतरी बदलले आहे हे कुणालाही कळते.

उपशामक सेवेत कॅनडातल्या एडमंटन शहरात १९९१ मध्ये तयार झालेली लक्षणांची पट्टी वापरतात. वेदना, थकवा, मळमळ, उदासी, बेचैनी, झोपाळूपणा, भूक, धाप आणि एकूण बरे वाटणे. प्रत्येकाला शून्य ते दहा. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये तयार झालेली दुसरी एक प्रश्नावली याच्या पुढे जाते. ती विचारते: गेल्या काही दिवसांत तुमच्या मनाला शांतता होती का? घरच्यांशी मनातले बोलता आले का? हवी तेवढी माहिती मिळाली का? आजारामुळे पैशांच्या किंवा इतर व्यावहारिक अडचणी आल्या, त्या सुटल्या का?

मी हे प्रश्न पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, हे तर आपल्याकडे इयादतीला गेलेल्या शहाण्या माणसाचे प्रश्न आहेत. फरक एवढाच की तो उत्तर लिहून ठेवत नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न विचारून तुलना करत नाही.

मोजताना कुठे फसायला होते

साधन हाती आले म्हणजे काम झाले असे नाही. चार ठिकाणी हमखास फसायला होते.

पहिले, साधन परक्या घरासाठी बनलेले असते. बार्थेलच्या यादीतला संडास खुर्चीसारखा आहे. आपला बहुतेक ठिकाणी उकिडवा आहे. त्या यादीत जमिनीवर बसणे आणि जमिनीवरून उठणे नाही. कोकणातल्या घरात जेवण जमिनीवर, झोप जमिनीवर, नमाज जमिनीवर. ज्या माणसाला १०० पैकी ८० गुण मिळाले तो दस्तरखानावर बसू शकत नसेल, तर तो घरात असूनही पंक्तीबाहेर आहे. म्हणून यादीच्या शेवटी रुग्णाचा स्वतःचा एक प्रश्न जोडावा: तुम्हाला काय पुन्हा करायचे आहे? पेणच्या मूर्तीच्या कारखान्यात डोळे रेखाटणाऱ्या कारागिराला उजव्या हाताने ब्रश धरायचा असेल. नानीला वजूसाठी स्वतः पाणी घ्यायचे असेल. कुणाला फक्त दारात बसून रस्ता बघायचा असेल. त्यांच्यासाठी तोच खरा निकाल आहे.

दुसरे, उत्तर दुसराच देतो. मुलगा सांगतो, 'अब्बांना फार दुखते.' अब्बा म्हणतात, 'दुखणे चालते, पण रात्री सगळे झोपल्यावर भीती वाटते.' घरच्यांचे आकडे आणि रुग्णाचे आकडे बरेचदा जुळत नाहीत. जोवर माणूस बोलू शकतो, तोवर त्यालाच विचारले पाहिजे. बाईला विचारायचे असेल तर बाईने, आणि शक्यतो एकटीला. सून, सासरे, दीर समोर असताना कुठली आई लघवीवर ताबा राहिलेला नाही असे सांगेल?

तिसरे, जे राहिले त्यांचाच हिशेब होतो. समजा, दहा रुग्णांच्या वेदना आज मोजल्या. महिन्याने पुन्हा मोजायला गेलो तर चार वारले होते. उरलेल्या सहांची सरासरी काढली आणि ती पहिल्यापेक्षा चांगली आली. सेवा यशस्वी झाली का? सांगता येत नाही. ज्यांना सर्वांत जास्त त्रास होता तेच यादीतून निघून गेले. त्यांचे शेवटचे आठवडे कसे गेले, हा उपशामक सेवेचा मुख्य प्रश्न आहे आणि तोच सरासरीतून गळला. म्हणून मोजणी महिन्याने नव्हे, दर भेटीला व्हायला हवी. आणि माणूस गेल्यानंतर काही दिवसांनी, योग्य वेळ पाहून, घरच्यांनाही विचारायला हवे.

चौथे, घसरण म्हणजे अपयश असे समजले जाते. लकव्याच्या रुग्णाचे गुण वाढावेत अशी अपेक्षा ठीक आहे. पण पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णाचे चालण्याचे गुण कमी होणारच. तिथे पाहायचे ते हे: चालणे कमी झाले तेव्हा वेदनाही वाढल्या, की त्या काबूत राहिल्या? संडासापर्यंत जाणे बंद झाले तेव्हा खाटेजवळ सोय झाली की माणूस ओल्या कपड्यांत पडून राहिला? म्हणूनच उपशामक सेवा आणि पुनर्वसन ही दोन वेगळी दुकाने नाहीत. ज्याच्याकडे दोनच महिने आहेत त्यालाही ते दोन महिने स्वतःच्या हाताने घास घ्यायचा असतो.

आपल्या घरातले प्रश्न

आता ज्या गोष्टी डॉक्टर सहसा विचारत नाहीत आणि आपणही उघड बोलत नाही, त्यांच्याकडे वळते.

लघवीची नळी किंवा पोटावरची शौचाची पिशवी लागलेली कितीतरी माणसे स्वतःला नापाक समजून नमाज सोडतात. नमाज सुटली की हळूहळू जमातीत जाणे सुटते, लोकांत बसणे सुटते, बोलणे सुटते. बाहेरून ते नैराश्य दिसते आणि गोळी सुरू होते. फिकहमध्ये अशा माणसासाठी 'माजूर' ही तरतूद शतकानुशतके आहे: ज्याला सतत त्रास आहे त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी नवा वजू करावा आणि नमाज पढावी. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर, तेही जमत नसेल तर इशाऱ्याने. ही सवलत म्हणजे एक परीने माणसाची क्षमता पायरीपायरीने ओळखणेच आहे, आणि कुठल्याही पायरीवर माणूस बाहेर काढला जात नाही. हे रुग्णाला सांगणे नर्सच्या हातात नाही. ते मौलाना सांगू शकतात. मोहल्ल्यातल्या इमामांनी वर्षातून एक जुम्मा या विषयाला दिला, तर एखाद्या समुपदेशन केंद्रापेक्षा जास्त काम होईल.

दुसरा प्रश्न मॉर्फिनचा. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनची गोळी हे जगभर मान्य, स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. आपल्या देशात अफूची कायदेशीर शेती होते, पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जाळ्यात रुग्णांसाठीचा मॉर्फिनचा वापर एकदम घसरला. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे केले, तरी अनेक डॉक्टरांची भीती गेलेली नाही. आणि घरात 'नशेची गोळी' म्हणून ती नाकारली जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेले औषध आणि नशा यांत फरक आहे, आणि गरजेच्या वेळी औषधाला मुभा आहे, ही बाब आपल्या आलिमांनी स्पष्ट बोलावी. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाला सब्र शिकवण्याआधी आपण त्याची वेदना कमी केली का, हे आधी पाहावे.

तिसरा गैरसमज असा की उपशामक सेवा म्हणजे मरण लवकर आणणे. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारून देह ठेवला. तो त्यांच्या परंपरेतला, त्यांचा स्वतःचा निर्णय होता. उपशामक सेवा ही ती गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याच सांगते की ही सेवा मृत्यू जवळही आणत नाही आणि लांबवतही नाही. जीव ही अमानत आहे असे मानणाऱ्या कुटुंबाला या सेवेत अडचण वाटण्याचे कारण नाही.

देण्याची मोजणी आणि मिळाल्याची मोजणी

आपल्या समाजात ख़िदमतीची कमतरता नाही. कोविडमध्ये ते सगळ्यांनी पाहिले. ॲम्ब्युलन्स, रक्तदान, रुग्णसाहित्याची बँक, औषधांची मदत, मय्यतीची सोय. पण आपल्या अहवालांत काय छापले जाते? इतक्या व्हीलचेअर वाटल्या, इतक्या वॉकर दिल्या, इतक्या जणांना मदत केली. हीही देणाऱ्याचीच मोजणी आहे, रुग्णालयाच्या खाटांसारखी. ती व्हीलचेअर दारातून आत जाते का? गल्लीत फिरते का, की चादर टाकून कोपऱ्यात उभी आहे? वॉकरची उंची त्या बाईच्या मापाची आहे का? हे विचारायला कुणी परत जात नाही.

आपल्याच इतिहासात याचा वेगळा नमुना आहे. कैरोमध्ये सुलतान कलावूनने १२८४ मध्ये उभारलेले मन्सूरी बिमारिस्तान वक्फच्या उत्पन्नावर चालत असे. तिथून बरा होऊन निघणाऱ्या रुग्णाला, अंगात ताकद येईपर्यंत लगेच मजुरीला जावे लागू नये म्हणून काही रक्कम दिली जाई, अशी वर्णने मिळतात. म्हणजे दरवाजातून बाहेर पडलेल्या माणसाचे पुढचे दिवस हाही इलाजाचाच भाग मानला होता.

आजचा नमुना हवा असेल तर केरळमधल्या मलप्पुरमकडे पाहावे. कोळिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. त्यातून काही वर्षांनी शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात वेगळाच प्रयोग उभा राहिला. प्रशिक्षण घेतलेले शेजारीपाजारी आपल्या भागातल्या दीर्घ आजारी माणसांकडे नियमित जातात, नर्सला आणि डॉक्टरला नोंदी देतात, आणि खर्च बराचसा स्थानिक लोकांच्या छोट्या छोट्या वर्गणीतून चालतो. मलप्पुरम मुस्लिमबहुल जिल्हा आहे, पण सेवा सगळ्यांची आणि स्वयंसेवकही सगळ्या समाजांचे. कॉलेजची मुले-मुलीही त्यात आहेत. त्यांच्याकडे पैसा आपल्यापेक्षा फार होता असे नाही. त्यांनी परत जाण्याची सवय लावून घेतली.

आपण काय करू शकतो

मी मोठी योजना मांडत नाही. एका मोहल्ल्यात, एका गावात, पाच-सहा तरुणांनी करण्याजोगे काम सांगते.

आपल्या भागात महिनोन्महिने घरात पडून असलेली माणसे कोण, याची यादी करा. फक्त आपल्या जमातीची नव्हे; गावातल्या कातकरी वाडीची, आगरी आळीची, सगळ्यांची. आशाताई आणि आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंना बरोबर घ्या. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामात उपशामक सेवा आणि वृद्धांची काळजी यांचा समावेश आहे, याची त्यांनाही आठवण करून द्या.

भेटीत पाच प्रश्न पुरेत. दुखणे शून्य ते दहा किती? संडासला कसे जाता? जमिनीवर बसता-उठता येते का? काय पुन्हा करावेसे वाटते? आणि जी बाई किंवा मुलगी काळजी घेते, तिला रात्री सलग किती तास झोप मिळते? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. आपल्याकडे रुग्णाची सेवा 'घर करते' असे म्हणतात; प्रत्यक्षात ती घरातली एक बाई करते. तिची झोप, तिची पाठ, तिचे शिक्षण हाही निकालाचाच भाग आहे.

उत्तरे वहीत तारखेसह लिहा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. आकडा हलला नाही तर काय बदलायचे ते डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट किंवा गावच्या सुताराला विचारा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर ओळखपत्रासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांचा समावेश आहे. मात्र ते प्रमाणपत्र शरीराची हानी मोजते, माणसाचे जगणे नाही, हे ध्यानात ठेवा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्याचा नियम आहे. कठडा, उतार, खुर्ची यांसाठी ग्रामसभेत ती मागता येते. मागताना तुमची वही समोर ठेवा. 'आमच्या गावात लोकांचे हाल आहेत' या वाक्यापेक्षा 'आमच्या गावात इतकी माणसे स्वतः संडासला जाऊ शकत नाहीत आणि इतक्यांच्या वेदना सातच्या वर आहेत' या वाक्याला टाळणे अवघड असते.

आणि दोन पथ्ये. रुग्णाची परवानगी घेतल्याशिवाय काही लिहू नका. ती वही कुणाला दाखवायची नाही. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा तर नाहीच. दुसरे, ज्याचे औषध तुम्हाला देता येत नाही ते देऊ नका. तुमचे काम विचारणे, लिहिणे, पोहोचवणे आणि परत जाणे.

जे मोजले जात नाही ते मागता येत नाही, आणि जे मागितले जात नाही ते मिळत नाही. रुग्णालये, योजना आणि धोरणे आपापला हिशेब ठेवत राहतील. उंबरठ्याच्या आतला हिशेब ठेवायला मात्र शेजारीच लागतो. येत्या जुम्म्याला नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर पाच जण थांबा आणि पहिली यादी करा. पुढच्या अंकासाठी मला त्या वह्यांमध्ये काय बदलले ते कळवा; नावे नकोत, फक्त आकडे आणि काय करून ते हलले, एवढेच.